वृद्धाची स्मृति आणि परीक्षेची भाषा

शस्त्रक्रियेसाठीं आलेल्या वृद्धाची नाडी पाहतात, रक्त तपासतात. त्याची स्मृतिही आधीं पाहून ठेवावी, हा विचार मात्र वैद्यकाला उशिरां सुचला. १९५५ सालीं ऑक्सफर्डच्या डॉ. बेडफर्ड यांनीं, भूल घेतल्यानंतर कांहीं वृद्धांची बुद्धि पूर्ववत् होत नाहीं, असें ‘लॅन्सेट’मध्यें लिहिलें. १९९८ सालीं त्याच पत्रांत एक बहुराष्ट्रीय पाहणी आली. हृदयाखेरीज इतर मोठी शस्त्रक्रिया झालेले, साठीपुढचे १२१८ रुग्ण तींत होते. शंभरांतले सुमारें २६ एका आठवड्यानें आणि सुमारें १० तीन महिन्यांनीं बुद्धीनें मंदावलेले आढळले. आधींचें माप हातीं नसेल, तर नंतर काय गेलें हें सांगतां येत नाहीं.

पण माप कोणतें घ्यावें? १९७५ सालीं अमेरिकेंत फोलस्टाइन पतिपत्नी व मॅकह्यू यांनीं तीस गुणांची एक सुटसुटीत प्रश्नावली रचली. ती जगभर पसरली. तींत शंभरांतून सात सात वजा करावयाचे, कागदावरची आज्ञा वाचून डोळे मिटावयाचे, एक वाक्य लिहावयाचें. जो शाळेंत गेलाच नाहीं त्याचे गुण येथें जाणारच. परंतु तो दोष शाळा न मिळाल्याचा, मेंदूचा नव्हे.

शब्दशः भाषांतरानें हें संकट टळत नाहीं. मराठीला हा अनुभव जुना आहे. धारवाडचे व्ही. व्ही. कामत यांनीं बिने यांची बुद्धिमापनाची कसोटी कन्नड व मराठी मुलांसाठीं बेतली. त्यांचा ग्रंथ १९४० सालीं निघाला. वृद्धांसाठीं तसेंच काम पुढें हिंदींत झालें. हरियानांतील बल्लभगडच्या खेड्यांसाठीं मेरी गांगुली, विजय चंद्र आदि संशोधकांनीं सिद्ध केलेली कसोटी १९९५ सालीं प्रसिद्ध झाली. तींत वजाबाकीऐवजीं वार उलटे म्हणावयाचे. लेखी आज्ञेऐवजीं परीक्षकाच्या चेहऱ्याकडे पाहून तो करील तसें करावयाचें. वाक्य लिहिण्याऐवजीं आपल्या घराविषयीं कांहीं सांगावयाचें. लक्षांत ठेवण्याचे शब्दही आंबा, खुर्ची, नाणें असे नित्याचे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्याकडे वळलें कीं हेंही अपुरें वाटूं लागतें. १९७३ सालीं स्थापन झालेल्या हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्यांत येणाऱ्या माडिया वृद्धाला मराठी ही दुसरी भाषा. बाजाराच्या वाराखेरीज इतर वारांशीं त्याचें फारसें काम पडलें नसेल. ऋतु विचारला, तर मोहफुलें वेंचण्याचे दिवस कीं तेंदूपानांचे, हें तो सांगेल. जिल्हा विचारला आणि तो ‘चांदा’ म्हणाला, तर गुण द्यावा कीं कापावा? त्याच्या तरुणपणीं लोकांच्या तोंडीं चांदाच होता. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ रोजीं!

उलट सारेंच सोपें केलें, तर ज्याची स्मृति खरोखर ढळली आहे तोही उत्तीर्ण होईल. ही अडचण लहान नव्हे. म्हणून जाणते परीक्षक सोबतच्या नातलगालाही विचारतात : पैसे मोजतां येतात काय? रोजची वाट अलीकडे चुकते काय? आणि शस्त्रक्रियेनंतर तेच प्रश्न त्याच भाषेंत पुन्हां विचारावे लागतात. पहिल्या दिवशीं मुलगा दुभाषी आणि आठव्या दिवशीं केवळ मराठी जाणणारी परिचारिका, असें झालें, तर गुणांत पडलेली तूट भुलीची कीं भाषेची, हें कळावयास मार्ग उरत नाहीं.