एक्सझेडचं मूळ सीडीत

लिनक्सच्या कर्नलची एक्सझेड फॉरमॅटमध्ये आवळलेली फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा. पहिल्या सहा बाइट्सच्या मधोमध चार अक्षरं दिसतील: '७झेडएक्सझेड'. '७झेड' ही तर इगोर पाव्लोव्हच्या सेव्हन-झिपची खूण, आणि ते मुळात विंडोजचं सॉफ्टवेअर! लिनक्सच्या गाभ्यावर हा शिक्का कुठून आला, हे शोधताना मी एका सीडीपाशी पोचलो.

फाइल आवळणाऱ्या अवजारांच्या आधीच्या पिढ्या सर्वश्रुत आहेत. १९८४चा 'कॉम्प्रेस' पेटंटच्या कचाट्यात सापडला, म्हणून १९९२मध्ये पेटंटमुक्त जीझिप आलं. १९९६मध्ये ज्यूलियन सीवर्डचं बीझिप२.

खरी गंमत २००५ची. स्लॅकवेअरवर बेतलेल्या 'तुकानी' या छोट्या लिनक्सच्या मंडळींना सगळी प्रणाली ७०० एमबीच्या एकाच सीडीत बसवायची होती. जीझिपने ते जमेना. पाव्लोव्हची एलझेडएमए पद्धत वापरल्यावर मात्र जीझिपमधला १००० एमबीचा ऐवज सरासरी ७०० एमबीत मावू लागला. तुकानी लिनक्स २००७अखेर बंद पडलं, पण त्या प्रकल्पातल्या लासे कॉलिनने एलझेडएमएचं अवजार चालू ठेवलं. त्यातूनच एक्सझेड घडलं.

यावर आक्षेप येतो की खरं कारण मंद इंटरनेट. मला तो पटत नाही. डाउनलोड थोडं लांबलं तर माणूस वाट बघतो. सीडीत मात्र ७०१वा एमबी शिरतच नाही. शिवाय नुसती फाइल लहान करायची असती, तर बीझिप२ हाताशी होतंच. एक्सझेडला आवळायला वेळ लागतो, पण उलगडायला ते बीझिप२पेक्षा चपळ. एकदा आवळून हजारोंनी उलगडायच्या फाइलीला हा सौदा परवडतो. म्हणून २००९मध्ये स्लॅकवेअर १३.०ने ते स्वीकारलं आणि २०१३अखेर कर्नल डॉट ऑर्गने बीझिप२ बंद करून जीझिप आणि एक्सझेड ठेवलं.

माझ्या मताला सर्वांत भक्कम आधार पुढच्या घटनेचा. सीडी इतिहासजमा झाल्यावर, २०१९अखेर आर्च लिनक्सने पॅकेजेससाठी एक्सझेडऐवजी यान कोलेचं झेडस्टँडर्ड घेतलं. आकार सुमारे ०.८ टक्के वाढला, उलगडण्याचा वेग मात्र सुमारे १३०० टक्क्यांनी. ७०० एमबीची वेस असती, तर एवढीशी वाढही जड गेली असती. वेस उरली नाही, म्हणून वेग जिंकला. माध्यमाची मर्यादा बदलली की फॉरमॅटची निवड बदलते, हाच या कुळाचा नियम.