छोट्या ट्रॅक्टरची मोठी गोष्ट

वाटण्या होत होत आमच्या घराकडे दोन एकर उरले. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आधी मोठ्या शेतांवर जातो. आमचा नंबर लागेपर्यंत वाफसा निघून जातो. म्हणून यंदा चुलतभावाने छोटा ट्रॅक्टर घेतला. घेताना घरात एकच प्रश्न होता, किती हॉर्सपॉवरचा? मी म्हटले, आधी मागची जोडणी बघा.

कारण छोट्या ट्रॅक्टरचा इतिहास त्या जोडणीत आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रॅक्टर नांगर मागे ओढत नेत. नांगर दगडाला अडला की ट्रॅक्टरचे तोंड वर उचलले जाई, कधी तो चालकावरच उलटे. पकड हवी म्हणून यंत्र जड करावे, तर जमीन दबे. आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा हॅरी फर्ग्युसन (१८८४-१९६०) याने तीन सांध्यांनी नांगर ट्रॅक्टरलाच जोडला आणि तो हायड्रॉलिकने उचलता येईल असे केले. नांगराचा भार मागच्या चाकांवर आला, हलके यंत्रही जमीन धरून चालू लागले. १९४६ पासून इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला त्याचा टीई-२० बनू लागला. १९५६ पर्यंत असे पाच लाखांवर ट्रॅक्टर तयार झाले.

तेच तीन सांधे आज आमच्या ट्रॅक्टरलाही आहेत. भाऊ दांडा ओढतो, रोटाव्हेटर अलगद वर येतो, बांधापाशी ट्रॅक्टर वळतो. बघताना मजा वाटते. त्याहून मोठे समाधान हे की यंदा पेरणी वाफशावर झाली.