जॉर्ज टाउनमध्ये दुपारचं जेवण: पेनांगला जाणाऱ्या कुटुंबांसाठी

मलेशिया मुस्लिमबहुल देश आहे, तेव्हा कुठेही बसा आणि खुशाल जेवा, असं समजून आपल्याकडची अनेक कुटुंबं निघतात. क्वालालंपूरच्या मॉलमध्ये हे बऱ्यापैकी चालून जातं. पेनांग बेटावरच्या जॉर्ज टाउनमध्ये मात्र चालत नाही. हे जुनं बंदर आहे. इथे चिनी वंशाच्या लोकांची वस्ती मोठी आहे आणि 2008 साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या जुन्या शहरात गल्लोगल्ली त्यांची खाण्याची दुकानं आहेत. ज्या पदार्थांमुळे पेनांगचं नाव जगभर झालं, त्यातलेच काही आपल्याला चालणारे नाहीत. चार क्वे त्याव या परतलेल्या शेवयांत बहुतेक चिनी गाड्यांवर डुकराची चरबी असते. पेनांगच्या हॉक्कियन मीचा रस्सा कोळंबी आणि डुकराच्या हाडांवर उकळतात. दिसायला तो साधा कोळंबीचा रस्साच दिसतो.

यावर काही जण दुसरं टोक गाठतात. चार दिवस ओळखीच्या फास्ट फूडच्या दुकानात तळलेली कोंबडी खातात आणि परत येऊन सांगतात की तिथे खायला काही नव्हतं. हे वाईट वाटण्यासारखं आहे, कारण दुपारचं जेवण ही याच शहरातली मुसलमानांची खासियत आहे.

कावडीवरचा भात

नासी म्हणजे भात आणि कांदार म्हणजे खांद्यावरची कावड. तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका बाजूला भाताचं भांडं, दुसऱ्या बाजूला कालवणाची भांडी अडकवून बंदरावरच्या मजुरांना जेवण विकत फिरायचे. कावड गेली, दुकानं आली, नाव राहिलं. या तमिळ मुसलमानांना तिथे 'मामाक' म्हणतात. हा शब्द तमिळ 'मामा'वरून आला आहे आणि त्याचा अर्थ आपल्या मामासारखाच, आईचा भाऊ.

नासी कांदारच्या दुकानात काचेमागे दहा-पंधरा पातेली मांडलेली असतात. रांगेत उभं राहायचं, वाढणारा ताटात भात घेतो, आपण बोटाने दाखवायचं. तळलेली कोंबडी, मटणाचं कालवण, माशाचा रस्सा, उकडलेलं अंडं, भेंडी. भेंडीला मलयमध्येही 'बेंडी'च म्हणतात, तेवढा शब्द मुलांनी पहिल्याच दिवशी उचलावा. शेवटी वाढणारा विचारतो, रस्सा कोणता? तेव्हा 'कुआह चाम्पुर' म्हणायचं, म्हणजे दोन-तीन रस्से एकत्र. 'बांजिर' म्हणालात तर भात रस्स्यात बुडवून देतात, कारण बांजिर म्हणजे पूर. नासी कांदारची खरी चव या मिसळलेल्या रस्स्यातच आहे. कोरडा भात आणि कोंबडीचा तुकडा मागून घेणाऱ्याने ते खाल्लं असं आम्ही मानत नाही.

मराठवाड्यातल्या वाचकांसाठी आणखी एक गंमत. तिथे 'दालचा' मिळतो, नाव तेच, डाळ आणि मटणाचा किंवा भाज्यांचा. आपल्या लग्नातल्या दालच्याइतका आंबट नसेल, मसालाही वेगळा लागेल, पण घरच्या म्हाताऱ्या माणसांना परदेशात पहिला घास गोड लागतो तो बहुधा इथेच.

दुकानांची नावं द्यायची तर लेबुह कॅम्पबेल या रस्त्यावरचं हमीदिया 1907 पासूनचं आहे, जुन्यांतलं जुनं. त्यांचा मुर्ताबाकही प्रसिद्ध आहे, म्हणजे खिमा-अंडं भरून भाजलेली पोळी. जालान पेनांगवर गल्लीत वसलेलं लाइन क्लिअर आणि जालान गुरुद्वारावरचं दीन माजू हीसुद्धा गावात सर्वांना माहीत असलेली नावं. तिन्ही ठिकाणी जेवणाच्या वेळी रांग असते. पण नावांमागे फार धावू नका. कापितान केलिंग मशिदीच्या आसपासच्या गल्ल्यांत नुसतं चालत गेलात तरी चांगलं दुकान सापडतं. ही मशीद एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तमिळ मुसलमान व्यापाऱ्यांनी उभी केली आणि तिच्याभोवती त्यांच्या खानावळी वाढल्या. जवळच लेबुह आचेह ही जुनी वस्ती आहे, जिथून एके काळी या भागातले हाजी जहाजाने निघत, जसे आपल्याकडचे मुंबईहून निघायचे. जोहरची नमाज आणि जेवण एकाच फेरीत होतं, हा इथला मोठा फायदा.

वेळ पाळा

मलेशियात कचेऱ्यांची जेवणाची सुट्टी साधारण एक ते दोन. आपल्याला सुट्टीवर असताना उशिरा उठून, उशिरा नाश्ता करून अडीचला जेवायची सवय. तिथे हे महागात पडतं. साडेअकरा ते साडेबारा ही उत्तम वेळ. सगळी पातेली भरलेली, रांग लहान, टेबल मोकळं. दीडला गर्दी, आणि अडीच-तीनला चांगले जिन्नस संपून तळाचा रस्सा उरतो. मलय बायका चालवतात त्या घरगुती दुपारच्या टपऱ्या तर तोपर्यंत भांडी घासायला लागलेल्या असतात.

या टपऱ्यांवर मिळणाऱ्या जेवणाला नासी चाम्पुर म्हणतात. ताट घ्यायचं, भात वाढून घ्यायचा, समोरच्या पंधरा-वीस पदार्थांतून स्वतः घ्यायचं आणि गल्ल्यावर दाखवायचं. बाई ताटाकडे पाहून किंमत सांगते. भाजलेला मासा, नारळाच्या दुधातलं गुलाई, टोमॅटो-मिरचीतली लाल कोंबडी, कच्च्या पाल्याचा उलाम आणि सोबत सांबाल. नासी कांदारपेक्षा हे हलकं असतं आणि भाजीही जास्त मिळते. रोज नासी कांदार खाऊ नये, ते जड आहे. एक दिवसाआड नासी चाम्पुर बरं.

जुम्याचा दिवस वेगळा. साडेबारापासून दोन-अडीचपर्यंत अनेक मुस्लिम दुकानं बंद असतात. त्या दिवशी बाराच्या आत जेवून घ्या, नाहीतर नमाजेनंतर. मुलं भुकेली असताना एक वाजता बंद शटरसमोर उभं राहू नका.

पाटी वाचायची कशी

मलेशियात हलाल प्रमाणपत्र देणारी मुख्य सरकारी संस्था जाकिम, सोबत राज्यांची धार्मिक खाती. खूण गोल आहे, मध्ये आठ टोकांचा तारा, त्यात अरबी लिपीत हलाल लिहिलेलं. उर्दू शाळेत शिकणारी आपली मुलं ती लांबूनच वाचतील. मलय भाषाही पूर्वी जावी नावाच्या अरबी वळणाच्या लिपीत लिहीत, त्यामुळे जुन्या मशिदींवरच्या पाट्या वाचायची सवय मुलांना जरूर लावा. सबक फुकटचा आहे.

पण प्रमाणपत्र घेणं दुकानदाराच्या मर्जीवर आहे. कागदपत्रं, खर्च, तपासणी यामुळे लहान मुस्लिम दुकानदार अनेकदा ते घेत नाहीत. म्हणून खूण नाही म्हणजे हराम, असं नव्हे. तिथे चालवणारा कोण, स्वयंपाक कोण करतो आणि आजूबाजूला जेवणारे कोण हे पाहायचं. हिजाबमधल्या बायका, टोपीवाले कामगार, शाळेतली मुलं बसलेली असतील तर बहुतेक उत्तर मिळालं. तरी शंका असेल तर सरळ विचारा, कुणी राग मानत नाही.

आता उलट बाजू. 'डुक्कर नाही, चरबी नाही' अशी इंग्रजी पाटी अनेक चिनी दुकानांवर दिसते. तिचा अर्थ तेवढाच आहे. कोंबडी जबिहाची आहे असं ती सांगत नाही. स्वयंपाकात तांदळाची दारू पडत नाही, असंही सांगत नाही. आमच्या मते ही पाटी पाहून मांसाहारी जेवणाला बसू नये. चिनी कॉफीशॉपमध्ये एका छपराखाली वेगवेगळ्या मालकांचे पाच-सहा गाडे असतात. त्यातला एखादा मुसलमानाचा असला, तरी टेबलं सगळ्यांची, आणि ताटं-चमचे कुठे धुतले जातात ते विचारावं लागतं. काही फूड कोर्टात मुस्लिम आणि चिनी बाजू वेगळ्या ठेवलेल्या असतात. गर्नी ड्राइव्हवर तशी सोय आहे, पण तो बाजार संध्याकाळचा. वेगळ्या बाजू असतील तिथे दुसऱ्या बाजूची ताटं मुस्लिम बाजूच्या टेबलावर आणत नाहीत. हा तिथला रिवाज आहे. आपणही पाळावा.

शाफई आणि हनफी

ही गोष्ट प्रवासाच्या पुस्तकांत सापडत नाही, पण आपल्या घरांत वाद होतो तो इथेच. मलेशियातले मुसलमान प्रामुख्याने शाफई आहेत. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफई, तर मराठवाडा, खानदेश, विदर्भातले बहुतेक हनफी. त्यामुळे रत्नागिरीच्या कुटुंबाला पेनांगमध्ये समुद्राचं जे काही समोर येईल त्याची फारशी चिंता नसते. हनफी मतानुसार समुद्रातलं मासळीखेरीज बाकी चालत नाही, कोळंबीबाबत उलमांमध्ये मतभेद आहेत.

पेनांगमध्ये सोतोंग म्हणजे माकुल, कताम म्हणजे खेकडा आणि करांग म्हणजे शिंपल्यातला जीव, हे तिन्ही मुस्लिम दुकानात सर्रास असतात आणि जाकिमची खूण असली तरी असतात. मामाकच्या परतलेल्या शेवयांत, म्हणजे मी गोरेंगमध्ये, माकुलाचे तुकडे न विचारता येऊ शकतात. सांबालमध्ये बऱ्याचदा बलाचान असतं, म्हणजे वाळवलेल्या जवळ्याचा गोळा. दुकानदार फसवत नाही, त्याच्या मजहबप्रमाणे ते जायज आहे. हनफी कुटुंबाने घरून निघतानाच ठरवावं आणि दुकानात 'सोतोंग तामाउ' म्हणावं, म्हणजे माकुल नको. एकाच ग्रुपमध्ये दोन्हीकडचे लोक असतील तर एकमेकांच्या ताटात डोकावू नये, एवढंच आम्ही सांगू.

पैसे, तिखट, मुलं

एका रिंगिटला सध्या वीस रुपयांच्या आसपास धरा. भात, कोंबडीचा तुकडा, एक भाजी आणि रस्सा असं नासी कांदारचं ताट दहा ते पंधरा रिंगिटमध्ये होतं. बिल फुगतं ते मोठी कोळंबी, माशाची अंडी, माशाचं डोकं यांनी. यांची किंमत पाटीवर नसेल तर ताटात पडण्याआधी 'बरापा?' विचारा, म्हणजे केवढ्याला. नंतर गल्ल्यावर हुज्जत घालून उपयोग नाही.

तिखट कमी हवं तर 'कुरांग पडास', गोड कमी हवं तर 'कुरांग मानिस'. मधुमेह असलेल्यांनी दुसरा शब्द पाठच करावा, कारण तेह तारिक हा फेसाळ चहा कंडेन्स्ड दुधाचा असतो. बिनदुधाचा 'तेह ओ', आणि त्यातही साखर नको तर 'तेह ओ कोसोंग'. साधं कोमट पाणी म्हणजे 'आयर सुआम'. बांधून न्यायचं तर 'बुंकुस'.

लहान मुलांसाठी आमची पहिली पसंती नासी आयाम, कोंबडीच्या सुपात शिजवलेला भात आणि सोबत उकडलेली किंवा भाजलेली कोंबडी. मिरचीची चटणी वेगळी येते. मूळ पदार्थ चिनी आहे, पण मलय मुसलमानांच्या दुकानातही सहज मिळतो, तोच घ्यावा. रोटी चनाई मुलांना फार आवडते, पण ती बहुतेक ठिकाणी सकाळी आणि रात्री लाटतात. दुपारी तवा बंद असतो. हट्टी मूल असेल तर सकाळीच दोन बांधून घ्या.

रमजानमध्ये गेलात तर हे सगळं बदलतं. दिवसा मुस्लिम खानावळी जेवायला वाढत नाहीत. मुसलमानाने दिवसा उघड्यावर खाणं तिथल्या राज्यांच्या शरई कायद्यात गुन्हा आहे, आणि आपण मुसाफिर आहोत हे दुकानदाराला पटवत बसण्यात अर्थ नाही. ज्यांना रोजा नाही त्या मुलांचं आणि आजारी माणसांचं दुपारचं खाणं सहरीच्या वेळीच बांधून आणावं आणि मुक्कामाच्या खोलीतच द्यावं. दुपारनंतर रमजानचे बाजार भरू लागतात, तेव्हा इफ्तारचं सामान घेऊन ठेवता येतं. पाच-साडेपाचला तिथे चालायला जागा नसते, म्हणून चारच्या सुमारास जा.