मोटारगाडीच्या मागील भागाचे स्थैर्य

वेगाने वळण घेताना, ब्रेक लावताना किंवा इंजिनाची शक्ती एकाएकी कमी करताना मागील चाकांनी रस्त्यावरील पकड न सोडता पुढील चाकांच्या मागोमाग येत राहणे, यास मागील भागाचे स्थैर्य म्हणतात. इंजिन पुढे व चालना मागील चाकांना, अशी रचना असलेल्या शक्तिशाली सेडान गाडीत हा प्रश्न विशेष बिकट होतो. मागील टायरांना एकाच वेळी गाडी पुढे ढकलावयाची असते व तिला बाजूस घसरू द्यावयाचे नसते. शिवाय अशी गाडी चालविणारा बहुधा शर्यतपटू नसून कुटुंबासह प्रवास करणारा सामान्य चालक असतो. त्यामुळे त्याची स्वाभाविक चूकही पोटात घालील असा मागील आस, म्हणजे अ‍ॅक्सल, घडविणे हे या शाखेच्या इतिहासाचे मुख्य सूत्र ठरले.

वळणावर टायर किंचित पिळला जातो आणि त्याचे तोंड ज्या दिशेस असते त्या दिशेने न जाता थोडा बाजूने सरकतो. या दोन दिशांमधील कोनास घसरकोन म्हणतात. पुढील टायरांचा घसरकोन अधिक असेल, तर गाडी अपेक्षेपेक्षा कमी वळते. मागील टायरांचा अधिक असेल, तर ती जास्त वळते व अखेर स्वतःभोवती फिरते. जनरल मोटर्समधील मॉरिस ऑली यांनी १९३० नंतरच्या दशकात या दोन प्रवृत्तींचा पद्धतशीर अभ्यास केला. पुढे बफालो येथील कॉर्नेल वैमानिकी प्रयोगशाळेतील विल्यम मिलिकेन, लेनर्ड सेगेल प्रभृतींनी विमानाच्या स्थैर्याचे गणित मोटारीस लावले आणि १९५६ मध्ये आपले निबंध लंडनच्या यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे मांडले. तोवर अनुभवावर विसंबलेल्या विषयास त्यामुळे शास्त्राचे रूप आले.

दोलन-आस : दोन्ही मागील चाकांना जोडणारा अखंड, जड आस खडबडीत रस्त्यावर उसळतो. यावर उपाय म्हणून एडमुंड रुंपलर यांनी १९०३ मध्ये दोलन-आसाचे एकस्व घेतले. यात आसाचे दोन भाग मध्यभागी सांध्याने जोडलेले असून प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होते. प्रवास सुखकर झाला; पण तीव्र वळणावर गाडीचा मागील भाग उचलला जाई, बाहेरील चाक आत दुमडे व त्याची पकड एकदम सुटे. घाबरून चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरील पाय काढला, तर भार पुढे सरकून मागील भाग आणखी वर येई. म्हणजे बचावाची क्रियाच अपघातास कारण होई. मागे व्ही-८ इंजिन असलेल्या टाट्रा ८७ (१९३६) या ताशी सु. १६० किमी. वेगाच्या चेक सेडानमध्ये हा दोष प्रकर्षाने जाणवत असे. मर्सिडीझ-बेन्झने १९५४ मध्ये २२० या गाडीत सांधा एकच ठेवून तो खाली घेतला व हा परिणाम सौम्य केला.

या दोषाची सार्वजनिक चर्चा मात्र शेव्हरोले कॉर्व्हेर या मागे इंजिन असलेल्या, तुलनेने कमी शक्तीच्या गाडीमुळे झाली. तिचे स्थैर्य पुढील टायरांत दर चौ. इंचास १५ पौंड व मागील टायरांत २६ पौंड दाब राखण्यावर बरेच अवलंबून होते. राल्फ नेडर यांनी अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड (१९६५) या ग्रंथाचे पहिलेच प्रकरण तिला वाहिले. अमेरिकी शासनाने १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात, समकालीन गाड्यांच्या तुलनेत ती विशेष धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष आहे. तरीही सुरक्षिततेची जबाबदारी केवळ चालकाची नसून आराखडा करणाऱ्याचीही आहे, ही भूमिका या वादातून दृढ झाली.

तिरप्या भुजा व बहुदुवा रचना : बीएमडब्ल्यूने १५०० (१९६२) या सेडानमध्ये मागील चाके तिरप्या भुजांवर बसविली. चाकाचे दुमडणे त्यामुळे पुष्कळ कमी झाले आणि चपळ सेडान गाड्यांची एक परंपराच सुरू झाली. मात्र शक्ती वाढत गेली तशी या रचनेची मर्यादा दिसू लागली. वळणाच्या मध्यावर पाय उचलताच भुजेची स्थिती बदले, चाकाचे तोंड किंचित बाहेर वळे व गाडीचे शेपूट सुटू पाही. २८६ अश्वशक्तीच्या एम ५ (१९८५) या सेडानमध्येही मूळ रचना हीच होती.

निर्णायक सुधारणा मर्सिडीझ-बेन्झ १९० (१९८२) या गाडीत झाली. तिचे प्रत्येक मागील चाक पाच स्वतंत्र दुव्यांनी धरलेले होते. दुव्यांची लांबी व कोन यांच्या निवडीने चाक वरखाली होतानाची त्याची दिशा आराखडाकारास ठरविता आली. पुढे ५०० ई (१९९०) सारख्या शक्तिशाली सेडानमध्ये हीच रचना वापरली गेली. बीएमडब्ल्यूच्या सु. ४०० अश्वशक्तीच्या एम ५ (१९९८) या गाडीनेही तिरप्या भुजा सोडून बहुदुवा रचना स्वीकारली.

इलेक्ट्रॉनीय नियंत्रण : गाडी स्वतःभोवती किती वेगाने वळते हे मोजून, चालकाच्या सुकाणूशी त्याची तुलना करून, आवश्यक त्या एकाच चाकास ब्रेक लावणारी यंत्रणा बॉश व मर्सिडीझ-बेन्झ यांनी १९९५ मध्ये प्रचारात आणली. स्वीडनमध्ये १९९७ साली एकाएकी मार्ग बदलण्याच्या चाचणीत मर्सिडीझची ए-वर्ग गाडी कलंडली. त्यानंतर तिच्यात ही यंत्रणा सरसकट बसविण्यात आली. अमेरिकेत २०१२ च्या नमुन्यांपासून ती सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली.

ही यंत्रणा टायरांची मूळ पकड वाढवू शकत नाही; असलेल्या पकडीची योग्य वाटणी तेवढी करते. पकड सुटण्यापूर्वी सुकाणूतून व आसनातून मिळणारी सूचना हीच चालकाची खरी जाणीव होय आणि तीसाठी आसाची भूमिती निर्दोष असणे आवश्यकच राहते. बीएमडब्ल्यूच्या २०१७ मधील एम ५ मध्ये चारही चाकांना चालना होती. केवळ मागील चाकांना चालना देण्याची सोयही तीत होती, परंतु त्यासाठी स्थैर्य-नियंत्रण पूर्ण बंद करावे लागे. स्थैर्य व आनंद यांतील निवड अशा रीतीने चालकाच्या हाती, पण त्याच्याच जबाबदारीवर, सोपविली गेली. मागील भागाच्या स्थैर्याची कसोटी पकड किती आहे यापेक्षा ती सुटताना चालकास किती अवधी मिळतो, ही आहे.