राजांचा तनखा आणि माउलींचे अश्व

माउलींच्या सोहळ्याला आजचे रूप दिले ते हैबतबाबा आरफळकरांनी. ते ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांच्या पदरी सरदार होते. अश्व आणि तंबूची सेवा अंकलीच्या शितोळे सरकारांकडे आली. वारीच्या थाटाला राजे-सरदारांचा हात असा जुना आहे. त्या राजेलोकांचं पुढे काय झालं, हे मुलुंड-घाटकोपरकडच्या आपल्या तरुण टाळकऱ्यांना सहसा ठाऊक नसतं.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली. पालखीच्या वाटेवरचे फलटण 1948 साली मुंबई राज्यात आले, कोल्हापूर 1949 साली. राज्य सोडल्याबद्दल राजांना सरकारी तिजोरीतून दरसाल तनखा मिळायचा, तोही प्राप्तिकर माफ. हा शब्द सरदार पटेलांच्या काळात दिला गेला आणि राज्यघटनेच्या 291व्या कलमात लिहिला गेला. ग्वाल्हेरला वर्षाला 25 लाख, तर सौराष्ट्रातल्या कटोडियाच्या राजाला 192 रुपये! म्हणजे महिना सोळा रुपये. आपल्या गिरणीकामगाराचा पगार त्याहून जास्त होता.

पुढे लोक विचारू लागले, गरीब देशाने राजे का पोसायचे? 1970 साली इंदिरा गांधींच्या सरकारने तनखे बंद करणारे विधेयक आणले. लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत एका मताने पडले. मग राष्ट्रपतींच्या आदेशाने राजांची मान्यताच काढली. राजे सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. त्या खटल्याला नाव आहे माधवराव शिंदे यांचे, म्हणजे हैबतबाबा ज्यांच्या पदरी होते त्याच घराण्याचे. पण 1971च्या डिसेंबरात 26वी घटनादुरुस्ती झाली आणि तनखा कायमचा संपला. घटनेत लिहिलेला शब्द बावीस वर्षंही टिकला नाही. तनखा जायलाच हवा होता, असं मला वाटतं. पण दिलेला शब्द असा मोडावा का, हे मनाला लागतं.

अंकलीचे अश्व मात्र अजून दरवर्षी आळंदीला चालत येतात.

हे आता सांगायचं कारण असं की, 2024 साली राज्य सरकारने प्रत्येक दिंडीला 20 हजार रुपये जाहीर केले. असे पैसे मिळाले तर खुशाल घ्यावेत. पाण्याचा टँकर, औषधं, ताडपत्री यांना लावावेत. भिशी मात्र माळकऱ्यांच्या वर्गणीतूनच चालावी, एक वर्ष अनुदान चुकलं तरी पंगत उपाशी उठू नये. दिंडीच्या पुढच्या बैठकीत मंडळींनी एवढं ठरवून घ्यावं.