कराची ते मुंबई : अंतर तेच, वेळ निराळा

१/ नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवासी सेवा सुरू झाली. नवा विमानतळ म्हटला की पहिला प्रश्न ठरलेला : इथून अमुक शहर किती दूर, किती तासांचे? या प्रश्नाला स्वतःचा एक इतिहास आहे. तो एकाच मार्गावरून पाहू.

२/ कराची ते मुंबई सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर. नवी मुंबईपासून मोजल्यास ९०० च्या आसपास. पृथ्वीच्या गोलावरील हे किमान अंतर शतकभरात बदललेले नाही. लागणारा वेळ मात्र सतत बदलत गेला.

३/ लंडनहून येणारे टपाल इंपीरियल एअरवेजची विमाने कराचीपर्यंत आणीत. तेथून ते हवाई मार्गाने मुंबई आणि मद्रासपर्यंत न्यावे, ही योजना नेव्हिल विन्सेंट आणि जे. आर. डी. टाटा यांनी प्रत्यक्षात आणली.

४/ १५ ऑक्टोबर १९३२. एक इंजिन असलेले ‘पस मॉथ’ विमान घेऊन जे. आर. डी. सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीहून निघाले आणि दुपारी दोनच्या सुमारास जुहूला उतरले. प्रवास सात तासांहून थोडा अधिक.

५/ एवढा वेळ का? विमानाचा वेग ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. इंधन भरण्यासाठी अहमदाबादला उतरणे भाग असल्याने मार्ग हजार किलोमीटरच्या वर गेला. तेथे इंधनाचे डबे बैलगाडीतून आले, असे सांगतात. जुहूला तर बांधीव धावपट्टीही नव्हती. पावसाळ्यात ते मैदान जलमय होई आणि टाटांना आपला तळ पुण्याला हलवावा लागे.

६/ १९४७ मध्ये या मार्गाची दोन टोके दोन देशांत गेली. तरीही १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, जे. आर. डी. ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून कराची-अहमदाबाद-मुंबई हाच प्रवास पुन्हा एकट्याने करू शकले. तीन युद्धांनंतरही आकाशातील ती वाट खुली होती.

७/ आता नवी मुंबईकडे वळू. येथे धावपट्टीसाठी उलव्याची टेकडी सपाट करण्यात आली, उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला, दहा गावांना आपली जागा सोडावी लागली. जुहूच्या चिखलाची अडचण येथे नाही. आजच्या जेट विमानाला येथून कराची दीड-पावणेदोन तासांची.

८/ परंतु एप्रिल २०२५ मध्ये, पहलगामच्या हल्ल्यानंतर, भारत आणि पाकिस्तान यांनी परस्परांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. नवी मुंबईतून पहिले प्रवासी विमान उडाले तेव्हाही ही बंदी लागू होती. ज्या मार्गाने टाटांची हवाई टपालसेवा सुरू झाली, त्याच मार्गाने जाण्यासाठी आता आखाती देशातून वळसा घ्यावा लागे. १९३२ चे सात तासही त्याला पुरणारे नव्हते.

९/ म्हणून जुन्या प्रवासवर्णनात किंवा वेळापत्रकात ‘इतके तास’ असे वाचाल, तेव्हा त्यामागचे यंत्र, उतरण्याची जमीन, ती जमीन सोडणारी माणसे आणि वाटेतली सरहद्द या चारही गोष्टी अवश्य शोधा. आपल्या गावाजवळच्या एखाद्या जुन्या धावपट्टीची माहिती असल्यास खाली जरूर लिहा.