रुपयामागे चार पै



शाळेला पैसा कोठून येतो, असे खेड्यात विचारले तर "सरकारकडून" असे उत्तर मिळते. उत्तर खोटे नाही, पण अपुरे आहे. सरकारकडे तरी तो कोठून आला? बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या इतिहासात डोकावून हा हिशेब आज आपण पाहू.

इंदापूरचे नाव जमीन महसुलाच्या इतिहासात अगदी आरंभी येते. १८३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अंमलदारांनी शेतवार सारा ठरविण्याची नवी पद्धत प्रथम येथे बसविली. पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. सारा ठरीव झाला, तशी त्यावर पट्टी बसविणेही सोपे झाले. १८६३ पासून साऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड घेण्यास सुरुवात झाली, आणि १८६९ साली त्याचा कायदा झाला. त्या आण्याचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांना, एक हिस्सा शिक्षणाला. आण्याचे पै बारा. म्हणजे रुपयामागे चार पै शाळेचे. दहा रुपये सारा भरणारा कुणबी तीन आणे चार पै शाळेसाठी मोजत होता, मग त्याचे पोर शाळेत जावो की गुरांमागे जावो!

आता १८७५ सालाकडे या. १२ मे रोजी सुपे गावी, म्हणजे आजच्या बारामती तालुक्यात, शेतकरी सावकारांवर उठले. त्यांचा रोख होता खतांवर आणि हिशेबाच्या वह्यांवर. दंग्याचे लोण पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले. कारणे अनेक होती. सारा वाढला होता, कापसाचे भाव पडले होते. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या कागदाखाली शेतकरी नांगराची निशाणी करी, त्यात काय लिहिले आहे हे बहुतेकांना वाचता येत नव्हते. चार पै देऊन मात्र दहा-बारा वर्षे होत आली होती.

हीच गोष्ट महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे मांडली. रयतेच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. पैसा गावाचा होता, पण तो कोठे खर्चावा हे ठरविताना गावाला कोणी विचारत नव्हते.

मग दुसरी वाट निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांनी पैसे मागण्याआधी मूठभर धान्य मागितले. त्या मुठीवर वसतिगृह चालले, आणि तेथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसून जेवली. धान्य पुरेना तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. हा प्रयोग करण्याची तरतूद कोणत्याही सरकारी खात्यात नव्हती. लोकांच्या मुठीने ती केली.

बारामतीनेही ही वाट धरली. १९६२ साली तेथे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय उघडले. १९७२ साली, दुष्काळाच्या दिवसांत, विद्या प्रतिष्ठान स्थापन झाले. खेड्यातल्या प्राथमिक शाळा मात्र १९६२ साली जिल्हा परिषदेकडे आल्या, आणि "सेस" हा जुना शब्द परिषदेच्या अंदाजपत्रकात राहिला.

गुरुजनहो, आता तुमच्याशी दोन शब्द. कराच्या पैशातून पगार होतो, भिंत उभी राहते. तेच त्याचे काम. पण तुमच्या मनात एखादा नवा प्रयोग असेल, तर त्यासाठी खर्चाचे शीर्षक सापडत नाही. अमेरिकेत १९७८ साली कॅलिफोर्निया प्रांताने घर-जमिनीवरील कराला मर्यादा घातली, शाळांचा पैसा आटला, तेव्हा गावोगावच्या पालकांनी शिक्षण प्रतिष्ठाने काढली. शिक्षकाने अर्ज करावा, काय नवे करणार ते लिहावे, आणि थोडी रक्कम घेऊन ते करून दाखवावे, अशी रीत पडली. पण सधन गावात निधी पुष्कळ जमला, गरीब गावात थोडा. आपल्याकडेही कालव्याखालच्या बागायती गावाची वर्गणी आणि जिरायत गावाची वर्गणी सारखी कशी होईल? म्हणून देणगी ही कराच्या जागी येऊ नये. तिने कराच्या पुढे चालून वाट दाखवावी. प्रयोग साधला की तो सर्व शाळांना देणे सरकारचे काम.

आणि हिशेब? शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा सांगतो की सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत, निम्म्या स्त्रिया हव्यात. सरकारकडून आलेल्या पैशावर आणि इतर कोठूनही आलेल्या पैशावर देखरेख ठेवणे हे तिचे काम आहे. सुप्याच्या शेतकऱ्याला जो कागद वाचता आला नाही, तसला कागद आज तुमच्यापुढे येतो. आयाबायांनो, शेतकरी बांधवांनो, समितीच्या पुढच्या सभेला जा, तो कागद मोठ्याने वाचून घ्या आणि मगच सही करा.